अकरा ओळींचा भरवसा

आयुर्वेदातल्या पाठांची एक मौज आहे. औषधात काय काय घालायचे ते सांगताना ग्रंथकार मध्येच 'त्रिकटू' असा एक शब्द टाकतो आणि पुढे जातो. वाचणाऱ्या वैद्याने त्यातून सुंठ, मिरे आणि पिंपळी अशी तीन द्रव्ये समजून घ्यायची. 'त्रिफळा' म्हटले की हरडा, बेहडा, आवळा. 'चातुर्जात' म्हटले की दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर. लिहिणाऱ्याचे श्रम वाचतात, पण सामान आणणाऱ्याचे वाढतात, कारण बाजारात चातुर्जात नावाचे झाड नसते. शिवाय मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळलेल्या नाहीत ना, हेही कुणीतरी पाहावे लागते. आमच्या पनवेलला धूतपापेश्वरचा कारखाना १८७२ साली सुरू झाला, त्यामुळे काढे आणि आसवे यांविषयी या गावात कुणीही अधिकारवाणीने बोलतो. मीही लहानपणापासून ही नावे ऐकत आलो. परंतु पाठातला एक शब्द म्हणजे प्रत्यक्षात दहा जणांच्या परसातला माल असतो, ही गोष्ट मला खऱ्या अर्थाने समजली ती गेल्या वर्षभरात, आणि तीही संगणकाच्या आज्ञावलीसंबंधात.

माझी नोकरी बँकेतली. तीस-बत्तीस वर्षे लेजर, व्हाउचरे आणि महिनाअखेरचे बॅलन्सिंग यांत गेली, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. आमच्याच इमारतीत माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा राहतो. तो आणि त्याचे सहा साथीदार मिळून तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या काही लहान कारखान्यांना हिशेबाचे, मालसाठ्याचे आणि पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर बसवून देतात. साथीदारांपैकी एक कोल्हापूरला, एक मुलगी नागपूरला, एकजण मडगावला. सातही जण एका खोलीत कधी जमल्याचे मी पाहिलेले नाही. हिशेबाची बाजू तपासायला त्याने मला बोलावले. "काका, डेबिट-क्रेडिट तुम्ही बघा, बाकीचं आम्ही बघतो," असे त्याचे म्हणणे. मी डेबिट-क्रेडिट पाहिले. ते ठीक होते. माझे लक्ष गुंतले ते त्या 'बाकीच्या'त.

हे लोक सारे काही स्वतः लिहीत नाहीत. मुळाशी आहे ईआरपीनेक्स्ट नावाची आज्ञावली, आणि ती आपल्या मुंबईची आहे. ऋषभ मेहता यांचा घरचा फर्निचरचा धंदा होता. तिथे विकतच्या सॉफ्टवेअरचा वाईट अनुभव आला, तेव्हा त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. २००८ साली कंपनी निघाली, तिचे आजचे नाव फ्रॅपे. सगळी आज्ञावली त्यांनी जगाला खुली करून टाकली. कुणीही वाचावी, वापरावी, बदलावी, दुरुस्ती सुचवावी. देशोदेशीचे लोक तिच्यात भर घालतात. ती चालवायला लागणारी सामग्री एकत्र मांडणारे एक अवजार त्यांनी केले आहे, त्याचे नाव 'बेंच'. फर्निचरच्या धंद्यातून आलेल्या माणसाच्या प्रकल्पात अवजाराला सुताराच्या बाकाचे नाव असावे, याची मला गंमत वाटली. बेंचला 'अपडेट' म्हटले की तो आधी माहितीची प्रत काढून ठेवतो, नवी आज्ञावली उतरवतो, तिला लागणारी परकी पॅकेजे आणतो, पडद्यावर दिसणारे भाग बांधतो, माहितीच्या तक्त्यांत बदल करतो आणि यंत्रणा पुन्हा सुरू करतो. एका शब्दात सहा कामे, पुन्हा त्रिकटूच.

त्यातला 'परकी पॅकेजे आणतो' हा टप्पा त्या मुलाने मला उघडून दाखवला. वर एक छोटी यादी होती. तारखा नीट दाखवणारे एक पॅकेज, आलेख काढणारे एक, अशी काही डझन नावे. मग त्याने दुसरी फाइल उघडली आणि बोट दाबून धरले. पडदा खाली खाली सरकत राहिला. या नावांना लागणारी नावे, त्यांना लागणारी आणखी नावे, शेकड्यांनी. "यातली किती तुमच्या ओळखीची?" मी विचारले. तो हसला. "वरची ओळखीची, काका. खालच्यांशी आमचा परिचय ती बिघडली की होतो."

आज्ञावली लिहिणे आणि ती चालण्याजोगी बांधणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आपल्यासारख्यांच्या लक्षात येत नाही. लिहिणारा सोयीसाठी शेकडो लहान फाइली करतो. ब्राउझरला मात्र मोजके, आटोपशीर गठ्ठे हवे असतात. ते बांधून देणाऱ्या अवजारांचा इतिहास जुना आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिले. त्यांच्या एका सहकाऱ्याने सकाळभर एका बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधली होती; दुरुस्ती झालेली होती, पण फाइल पुन्हा बांधायची राहिली होती. काय बदलले आणि म्हणून काय पुन्हा बांधले पाहिजे, हे यंत्रानेच ओळखावे म्हणून मेक आले. त्याच्या लेखनात ओळीच्या सुरुवातीला टॅबचीच कळ दाबावी लागते, मोकळ्या जागा चालत नाहीत. हा दोष फेल्डमन यांना लवकरच जाणवला होता, परंतु तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची अडचण नको म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभर लोकांच्या भिडेखातर गेली पन्नास वर्षे जगभरचे प्रोग्रॅमर टॅब दाबत आहेत. कादंबरीकाराला असला तपशील सुचत नाही.

उलट बाजूही आहे. फ्रॅपेने चौदाव्या आवृत्तीत, २०२२ साली, बांधणीचे जुने अवजार सोडून ईएसबिल्ड हे कितीतरी वेगवान अवजार घेतले. ते इव्हान वॉलेस यांनी लिहिलेले. वेग वाढला, पण ज्यांनी ज्यांनी आपापले जोडभाग तयार केले होते, त्या सर्वांना बांधणीच्या फाइलींची नावे आणि मांडणी नव्या रीतीने करावी लागली. आमच्या मंडळींचे त्यात बरेच दिवस गेले. भीड धरली तर दोष पन्नास वर्षे टिकतो, मोडली तर शेकडो लोकांचे काम वाढते. मला विचाराल तर मोडणाऱ्याची बाजू मला जवळची वाटते. फक्त त्याने आधी नोटीस द्यावी.

आता त्या परक्या पॅकेजांकडे वळू. आमच्या शाखेत रंगराजन समितीनंतरच्या काळात लेजर पोस्टिंगची मशिने आली, तेव्हा खातेक्रमांकाच्या डाव्या बाजूला शून्ये भरावी लागत. ४५२१ क्रमांकाचे खाते असले तर ००००४५२१. कोणताही नवशिका कारकून पहिल्या दिवशी ते शिके. नेमके एवढेच काम करणारे 'लेफ्ट-पॅड' नावाचे अकरा ओळींचे पॅकेज अझेर कोचुलू या प्रोग्रॅमरने लिहून एनपीएम या सार्वजनिक कोठारात ठेवले होते. त्याच्या दुसऱ्या एका पॅकेजच्या नावावर एका कंपनीने हक्क सांगितला, कोठार चालवणाऱ्यांनी ते नाव तिला देऊन टाकले, आणि चिडलेल्या कोचुलूने २२ मार्च २०१६ रोजी आपली सगळी, म्हणजे २७३ पॅकेजे काढून घेतली. त्यांत ते अकरा ओळींचेही गेले. थोड्याच वेळात जगभरच्या बांधण्या थांबल्या; मोठमोठ्या कंपन्यांच्या आज्ञावल्या ज्या साधनांवर उभ्या होत्या, ती साधने कुठल्या तरी तिसऱ्या-चौथ्या पायरीला त्या अकरा ओळींवर टेकलेली होती. कोठारवाल्यांनी काही तासांत ते पॅकेज परत ठेवले आणि नंतर काढून घेण्याचे नियम कडक केले. कोचुलूने फुकट दिलेली वस्तू परत मागितली, यात मला त्याचा गुन्हा दिसत नाही. शून्ये भरण्यासाठी जगाने त्याच्या दारात उभे राहावे, हे मात्र चमत्कारिक आहे.

आयुर्वेदाने या अडचणीचा विचार केलेला आहे, हे इथे सांगायला हवे. अष्टवर्गातल्या वनस्पती मिळेनाशा झाल्या तेव्हा मेदा-महामेदाऐवजी शतावरी, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा, असे प्रतिनिधी 'भावप्रकाशा'त नोंदलेले आहेत. कोठारात 'याच्याऐवजी ते' सांगणारा भावमिश्र नसतो.

तिथे असतात आकडे. प्रत्येक पॅकेजच्या आवृत्तीला तीन आकडे. शेवटचा बदलला तर किरकोळ दुरुस्ती, मधला बदलला तर नवी सोय, पहिला बदलला तर जुने काही मोडेल असा इशारा. ही पद्धत चांगली आहे. पण तो पॅकेज लिहिणाऱ्याने दिलेला शब्द आहे, त्यामागे तारण काही नाही. यादीत आकड्याआधी एक छोटे चिन्ह असते, त्याचा अर्थ 'हे किंवा याच घरातले याहून नवे चालेल'. म्हणजे आज सकाळी आणलेला माल आणि रात्री आणलेला माल वेगळा असू शकतो. यावर उपाय म्हणून लॉक फाइल आली. २०१६ च्या ऑक्टोबरात आलेल्या 'यार्न' या साधनाने ती जावास्क्रिप्टच्या जगात रुळवली. नेमकी कोणती आवृत्ती आणली आणि तिचा ठसा काय, हे तिच्यात प्रत्येक पॅकेजपुढे लिहिलेले असते. दुसऱ्या यंत्रावर बांधताना तोच माल यावा, ठसा जुळला नाही तर काम थांबावे.

सातजण सात ठिकाणी बसून एकच आज्ञावली लिहीत असतील, तर ही फाइल म्हणजे त्यांचे जनरल लेजर. पण तिच्याकडे बघायला कुणाला आवडत नाही. हजारो ओळी, सगळ्या यंत्राने लिहिलेल्या. दोघांनी एकाच दिवशी वेगवेगळी पॅकेजे घातली की तिथे हमखास टक्कर होते. बँकेत लेजरमधली चूक खोडायची नसे. रेघ मारून, वर बरोबर आकडा लिहून आद्याक्षरी करायची. इथला नियम वेगळा: हाताने दुरुस्त करायचेच नाही, मूळ यादी जुळवायची आणि लॉक फाइल यंत्राकडूनच पुन्हा लिहवून घ्यायची. कंटाळा आला म्हणून कुणी ती बाजूला ठेवली तर लगेच काही बिघडत नाही. बिघडते ते नंतर.

गेल्या वर्षी एका महिन्याच्या १९ तारखेला ते बिघडले. जीएसटीचे महिन्याचे विवरणपत्र २० तारखेच्या आत भरायचे असते, हे धंदेवाल्या वाचकांना सांगायला नको. कोल्हापूरच्या मुलाने तारखांसंबंधीचे एक पॅकेज घातले, यादी पाठवली, लॉक फाइल पाठवली नाही. त्याच्या यंत्रावर सारे उत्तम चालत होते. संध्याकाळी कारखान्याच्या सर्व्हरवर अपडेट चालवले, तेव्हा चौथ्या पायरीवरच्या कुठल्याशा पॅकेजची ताजी आवृत्ती आली आणि तिने सर्व्हरवर होती त्याहून नवी नोडची आवृत्ती मागितली. बांधणी अर्ध्यावर थांबली. कारखान्याच्या हिशेबनिसाला कोरा पडदा दिसू लागला. रात्री नऊपासून अडीचपर्यंत तिघेजण फोनवर होते. कोल्हापूरचा मुलगा पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "माझ्याकडे चालतंय हो." त्यात खोटे काही नव्हते. शेवटी नागपूरच्या मुलीने जुनी लॉक फाइल परत बसवली, नवे पॅकेज काढले, आणि पडदे उजळले. विवरणपत्र दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

त्या रविवारी त्यांच्यात जोरदार वाद झाला. पनवेलच्या मुलाचे म्हणणे, आता सगळे गोठवून टाका, वर्षभर कशालाही हात लावू नका. नागपूरची मुलगी म्हणाली, "गोठवलं तर वर्षभराचे बदल एकदम अंगावर येतील, आणि मधल्या काळात सापडलेली भोकं उघडी राहतील ती वेगळीच." मला विचारले तेव्हा मी तिच्या बाजूने बोललो. ज्या शाखेत बॅलन्सिंग दर महिन्याला होई, तिथे फरक निघाला तर तो महिन्याच्या व्हाउचरांत सापडे. ज्या शाखेत दोन वर्षे राहिले, तिथे चाळीस पैशांचा फरक शोधायला रविवार-रविवार माणसे बसत.

पण तिचेही पूर्ण खरे नव्हते. ८ सप्टेंबर २०२५ रोजी 'चॉक' आणि 'डिबग' यांसह १८ पॅकेजांत विषारी आज्ञा घुसवल्या गेल्या. सगळी मिळून ही पॅकेजे आठवड्याला दोनशे कोटींहून अधिक वेळा उतरवली जातात. युक्ती आपल्या ओळखीची होती: पॅकेज सांभाळणाऱ्याला कोठाराच्या नावाने बनावट ईमेल गेले, सुरक्षेची माहिती अद्ययावत करा म्हणून. ओटीपी विचारणारे फोन घेणाऱ्या आपल्या ज्येष्ठ नागरिकांत आणि त्या निष्णात प्रोग्रॅमरमध्ये त्या क्षणी काही अंतर उरले नव्हते. दोन-एक तासांत ते उघडकीला आले. परंतु त्या दोन तासांत ज्याने इमानेइतबारे ताजा माल आणला, तोच नेमका फसला. लॉक फाइल 'माल तोच आहे' एवढीच ग्वाही देते, 'माल चांगला आहे' अशी देत नाही. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँकर्स रिसीटचे हेच झाले होते. कागद रीतसर, सही रीतसर. जानकीरामन समितीने पाहिले तेव्हा बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या पावत्यांमागे रोखेच नव्हते.

मी त्यांना बँकेतला एक साधा नियम सांगितला: क्लिअरिंगला टाकलेल्या चेकवर आम्ही लगेच पैसे देत नाही. चेक वटू द्यायचा. नवी आवृत्ती आली की काही दिवस थांबावे, जग तिला तपासून घेते, मग आणावी. माझ्या या पोक्त सल्ल्यावर ती मुलगी म्हणाली, "काका, ते साधनातच आलंय." 'पीएनपीएम' या साधनात, चॉकचे प्रकरण झाले त्याच महिन्यात, पॅकेज अमुक इतके जुने झाल्याशिवाय आणू नये अशी सोय आली होती.

मात्र ज्या प्रकरणाने माझी झोप उडवली, ते याहून वेगळे आहे. 'एक्सझेड' हे फाइली दाबून लहान करणारे साधन जगभरच्या लिनक्स यंत्रांवर असते. लासे कॉलिन हा फिनलंडचा माणूस ते वर्षानुवर्षे फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. थकला होता, तब्येतीच्या तक्रारी होत्या, आणि तसे त्याने लिहिलेही होते. तेव्हा 'जिया टॅन' या नावाने एकजण आला. आधी लहान लहान दुरुस्त्या पाठवल्या, कामाच्या. भलत्याच नावांनी काही लोक कॉलिनला टोचू लागले, तुमच्याने होत नाही, मदतनीस घ्या म्हणून. दोन-अडीच वर्षे हे चालले. हळूहळू जिया टॅनच्या हाती किल्ल्या आल्या. मग २०२४ च्या आरंभी त्याने चोरदरवाजा बसवला, आणि तो कुठे बसवला ते पाहण्यासारखे आहे. सर्वांच्या डोळ्यांपुढे असलेल्या मूळ लेखनात नाही. माल चाचणीच्या फाइलींत दडवला आणि त्याला जागे करणारी कळ बांधणीच्या लिपीत ठेवली, तीही फक्त वाटपासाठी केलेल्या गठ्ठ्यात. म्हणजे पाठ शुद्ध, खलबत्त्यात विष. आंद्रेस फ्रॉइंट नावाच्या अभियंत्याला यंत्रात शिरताना अर्धा सेकंद उशीर होतोय असे वाटले, तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे उघड झाले. जिया टॅन कोण, हे अजून समोर आलेले नाही.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला यात दरोडेखोरापेक्षा तो थकलेला राखणदार जास्त दिसतो. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन माणसे, हा आमचा नियम. इथे एक माणूस, एक किल्ली, पगार शून्य, आणि त्याच्या भरवशावर अर्ध्या जगाचे सर्व्हर.

काही हालचाल सुरू झाली आहे. सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी ठेवायला सांगितले, सर्ट-इनने त्याच वर्षी अशा यादीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पाठात त्रिकटू लिहून चालणार नाही, सुंठ-मिरे-पिंपळी वेगळी लिहा, असाच त्याचा अर्थ. झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या आज्ञावल्या सांभाळणाऱ्यांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. यादी मागणारे पुष्कळ निघतील; यादीतल्या माणसाला पैसे पाठवणारे मोजके.

आमच्या सातजणांनीही एक वही घातली आहे. नवे पॅकेज घालायचे तर घालणारा एक आणि तपासणारा दुसरा, दोघांची नावे. लॉक फाइलशिवाय आलेला बदल यंत्रच परत पाठवते. दर सोमवारी पाळीने एकाने नव्या आवृत्त्यांची टिपणे वाचायची. नागपूरच्या मुलीने यादी तपासताना एक असे पॅकेज काढले, ज्याला चार वर्षांत कुणी हात लावला नव्हता. त्यातल्या त्यांना लागणाऱ्या चाळीसेक ओळी तिने स्वतः लिहिल्या. नाव वगळले, त्याच्यामागची सहा नावेही गेली.

हे सगळे करायला महिन्याला चार दिवस लागतात. तेव्हा त्यांनी कारखान्याच्या बिलात 'घटक तपासणी व अद्ययावतीकरण' अशी एक ओळ घातली. शेठनी बिल हातात घेतले, त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "यात मला नवीन काय मिळालं?" मुलगा म्हणाला, "नवीन काहीच नाही शेठ. विसाव्या तारखेला पडदा कोरा दिसणार नाही." शेठनी १९ तारखेच्या रात्रीची आठवण काढली, थोडा वेळ गप्प बसले, आणि ती ओळ निम्मी केली. उरलेल्या निम्म्यासाठी मुलाने पुढच्या महिन्यात पुन्हा यायचे ठरले आहे. बरोबर मी असावे, असे त्याचे म्हणणे पडले.